निकाहाचे शाहिद आणि व्हिसाचे फोटो

निकाह हा करार आहे आणि कराराला साक्षीदार लागतात. वकील व दोन शाहिद वधूकडे जातात, मेहरची रक्कम सांगून तिची संमती विचारतात, परत मजलिसीत येऊन काझीसाहेबांना ती कळवतात. खुतबा होतो, वर 'कबूल' म्हणतो, दुआ होते, खारका वाटल्या जातात. वलीमा होतो तोही एका अर्थी जाहीर घोषणाच असते. अमुक स्त्री अमुक पुरुषाची पत्नी आहे हे सिद्ध करायची वेळ आली तर मोहल्ला आणि जमात पुरेशी होती. काझीच्या दफ्तरातली नोंद हा वरचा आधार.

पण माणूस समुद्र ओलांडून गेला की मोहल्ला त्याच्याबरोबर जात नाही. परक्या बंदरावर बसलेला अधिकारी शाहिदांना ओळखत नाही, काझीची सही वाचू शकत नाही. त्याला काहीतरी दुसरे हवे असते. आज म्हसळा किंवा चिपळूणची मुलगी इंग्लंड-कॅनडातील नवऱ्याकडे जाण्यासाठी अर्ज भरते आणि रात्रभर मोबाइलमधले फोटो चाळत 'यातले कोणते पाठवायचे' म्हणून बहिणीशी वाद घालते, त्यामागे हीच जुनी अडचण आहे. या अडचणीला शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि कोकणचे मुसलमान त्यात जवळजवळ सुरुवातीपासून आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतून बरेच कोकणी मुसलमान केपटाऊनला गेले. त्यांनी तिथे दुकाने थाटली, मजुरी केली, मशिदी बांधल्या. बायकामुले बहुतेकांची गावीच राहिली. दक्षिण आफ्रिकेतील इतिहास-संशोधक उमा धुपेलिया-मिस्त्री यांनी केपटाऊनच्या या दुभंगलेल्या संसारांचा आणि तिथल्या परवान्यांच्या फायलींचा बारकाईने अभ्यास केला आहे. आपल्या वाचकांनी तो मुद्दाम पाहावा, कारण आपल्या आजोबा-पणजोबांचा इतका सविस्तर सरकारी हिशेब आपल्याकडच्या दफ्तरांत क्वचितच सापडेल.

केप वसाहतीच्या १९०२ च्या कायद्याने नव्या माणसाला युरोपीय भाषेत लिहिता येण्याची अट घातली. १९०६ च्या कायद्यानंतर तिथे आधीच स्थायिक असलेल्या हिंदी माणसालाही गावी जाऊन परत यायचे असेल तर परवाना काढावा लागू लागला. परवान्यावर त्याचा फोटो आणि हाताचे ठसे असत. मुदत सुरुवातीला एक वर्षाची होती, पुढे ती वाढली. मुदत टळली की परतीचे दार बंद. कोकणात येऊन निकाह करायचा, घराची कौले शाकारायची, एखादे मूल पाहायचे आणि तारखेच्या आत बोट पकडायची, असे आयुष्य त्या पिढीने काढले. फोटो आपल्या समाजात आला तो हौसेने आला असे आपण मानतो. कोकणातल्या कित्येक घरांत मात्र पहिला फोटो सरकारी कागदासाठी काढला गेला असणार, असे मला वाटते.

फोटो आणि ठशांविरुद्ध दक्षिण आफ्रिकेत त्याच काळात मोठा असंतोष होता. त्यात प्रतिष्ठेचा प्रश्न होता, आणि मुसलमानांच्या बाबतीत तसबिरीविषयीचा धार्मिक आक्षेपही होता. ट्रान्सवालमध्ये १९०६ साली जो वटहुकूम आला त्याच्या मसुद्यात स्त्रियांनाही नोंदणीची सक्ती होती. हिंदी लोकांनी त्याविरुद्ध एवढा गहजब केला की स्त्रियांना त्यातून वगळावे लागले. इकडे ब्रिटिश हिंदुस्थानच्या पासपोर्ट-व्यवस्थेतही पर्दानशीन स्त्रियांना फोटोतून सूट मिळत असे. म्हणजे एक काळ असा होता की स्त्रीचा चेहरा मागायला साम्राज्य सरकारही कचरत होते. मग पत्नी ही पत्नीच आहे हे ठरवायचे कसे?

या प्रश्नाला १९१३ साली केपच्या न्यायालयात जे उत्तर मिळाले ते आपल्यापैकी अनेकांनी गांधीजींच्या चरित्रात ओझरते वाचलेले असते. त्या खटल्यातील स्त्री मुसलमान होती, हे मात्र सहसा लक्षात राहत नाही. तिचे नाव बाई मरियम, पती हसन इसप. पतीचे वास्तव्य दक्षिण आफ्रिकेत होते. त्याने हिंदुस्थानात शरियतप्रमाणे निकाह केला आणि तो पत्नीला घेऊन आला. तिला उतरू दिले गेले नाही. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निर्णय दिला. ज्या धर्मात पुरुषाला एकाहून अधिक विवाह करता येतात त्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह कायद्याच्या दृष्टीने विवाह नाही, असा त्याचा आशय होता. हसन इसपची दुसरी बायको होती की नव्हती हा मुद्दा नव्हता. ती असू शकते एवढे पुरेसे होते. एका फटक्यात हजारो हिंदू, मुसलमान, पारशी स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने कोणाच्याच बायका उरल्या नाहीत.

सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या त्या यानंतर. कस्तुरबांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. गांधीजींच्या बालमित्राची, शेख मेहताब यांची पत्नी बाई फातिमा आणि तिची आई हनीफाबाई या दोघीही त्याच लढ्यात तुरुंगात गेल्या. त्यांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत, ती निदान आपल्या वार्षिकांत तरी असावीत. १९१४ च्या इंडियन रिलीफ अ‍ॅक्टने तोडगा काढला, की हिंदी धर्मरीतीने झालेला विवाह प्रवेशापुरता मान्य, पण पत्नी एकच. १९१८ च्या साम्राज्य परिषदेने हेच सूत्र इतर वसाहतींसाठी ठरावात घातले. स्थायिक हिंदी माणसाला एक पत्नी व तिची अल्पवयीन मुले आणता येतील, मात्र ती त्याची कायदेशीर पत्नी व मुले आहेत असा हिंदुस्थान सरकारचा दाखला प्रत्येकीजवळ, प्रत्येकाजवळ हवा.

एका पत्नीच्या अटीवर त्या वेळी आपल्या पुढाऱ्यांनी नाक मुरडले होते, आणि धर्मस्वातंत्र्याच्या दृष्टीने ते स्वाभाविक होते. परंतु गावी एक आणि आफ्रिकेत दुसरी असे संसार होतेच. कोणती 'खरी' हे ठरवण्याची पाळी येई तेव्हा गावची बायको कागदावरून पुसली जाई, आणि पुसणारा हात नेहमी सरकारचाच नसे. हे नोंदवल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

पुढे १९२७ च्या कायद्याने अल्पवयीन मुलांना आईसोबतच येण्याची अट घातली. मुलगा दुकानात मदतीला हवा तर त्याच्या आईनेही कोकण सोडणे भाग पडले. १९५३ साली वंशभेदी सरकारने हिंदुस्थानातून नव्या बायका आणण्याचा हक्कच काढून घेतला आणि दाखल्यांचा प्रश्न तिथे संपला.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फोटोची कथा याहून जुनी आहे. १८७५ च्या पेज कायद्याखाली हाँगकाँगहून निघणाऱ्या चिनी स्त्रियांचे फोटो आधीच सॅन फ्रान्सिस्कोला पाठवले जात, उतरताना चेहरा पडताळला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी हजारो जपानी स्त्रिया केवळ फोटोची देवाणघेवाण होऊन ठरलेल्या विवाहांवर हवाई व कॅलिफोर्नियात आल्या. त्यांना 'पिक्चर ब्राइड' म्हणत, आणि गोऱ्यांच्या ओरडीमुळे १९२० साली ते थांबवण्यात आले. तिथेच फोटोविषयीचा सरकारी दृष्टिकोन बदलताना दिसतो. चेहरा ओळखण्यासाठी फोटो हवा, पण फोटोवरून झालेले लग्न संशयास्पद.

हा संशय आपल्यापर्यंत एका वेगळ्या वाटेने आला. निकाह वकिलामार्फत, दोघे एका ठिकाणी नसतानाही होऊ शकतो, हे फिकहमध्ये मान्य आहे. हजरत उम्मे हबीबा (रजि.) हबश्यात होत्या आणि पैगंबर (स.) मदिनेत होते. निकाह तिथे नजाशीच्या दरबारात झाला, मेहरही त्यानेच अदा केला, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. आखातात नोकरी करणाऱ्या मुलाला रजा मिळेना म्हणून टेलिफोनवर झालेले निकाह आपल्याकडे नवे नाहीत. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात मात्र दोघे समोरासमोर नसताना झालेला विवाह, त्यानंतर दांपत्यसंबंध आल्याखेरीज, व्हिसापुरता विवाहच धरला जात नाही. कॅनडाने २०१५ च्या जूनपासून वकिलामार्फत, टेलिफोनवर, फॅक्सवर किंवा इंटरनेटवर झालेले विवाह प्रवेशासाठी नामंजूर केले. आखाती देशांत फॅमिली व्हिसाला साक्षांकित विवाह-दाखला चालतो. म्हणून कुवेत-सौदीला बायको नेलेल्या आपल्या लोकांना फोटोंच्या या भानगडीची कल्पनाच नसते. ते इंग्लंडच्या जावयाला हसतात.

इंग्लंडमध्ये जे घडले ते सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण आजच्या फोटोंच्या गठ्ठ्याचा उगम मुख्यतः तिथे आहे. १९६२ पासून राष्ट्रकुलातील लोकांवर निर्बंध आले आणि १९६९ पासून बायकामुलांना निघण्यापूर्वीच आपल्या देशातील ब्रिटिश कचेरीतून प्रवेशपत्र घेणे सक्तीचे झाले. सिल्हेट, मीरपूर, पंजाब, गुजरात इथल्या स्त्रियांच्या मुलाखती सुरू झाल्या. घराला खोल्या किती, विहीर कोणत्या बाजूला, सासऱ्याला भाऊ किती, असे प्रश्न बायकोला वेगळे व नवऱ्याला वेगळे विचारले जात. उत्तरे जुळली नाहीत तर विवाह खोटा. दोन सख्खे भाऊही आपल्या घरातली गुरे किती याचे एकच उत्तर देतील अशी खात्री मी देणार नाही.

या संशयाचा नीचतम बिंदू जानेवारी १९७९ मध्ये आला. लग्नासाठी हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या पस्तीस वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य-तपासणी करण्यात आली. कारण असे, की वाग्दत्त वधूला आगाऊ प्रवेशपत्र लागत नसे, पत्नीला लागे. ती विवाहिता असून वधू म्हणून आली असावी, असा अधिकाऱ्याला संशय होता. 'गार्डियन'ने बातमी छापल्यावर ही पद्धत बंद करण्यात आली. असे प्रकार यापूर्वीही उपखंडातील ब्रिटिश कचेऱ्यांत झाले होते, हे पुढे सरकारी कागदांतूनच बाहेर आले. विवाहाचा पुरावा स्त्रीच्या शरीरात शोधण्याइतकी मजल गेली होती.

मुलांच्या बाबतीत विज्ञानाने सुटका केली. अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या डीएनए तपासणीचा अगदी पहिला उपयोग १९८५ मध्ये इमिग्रेशनच्याच प्रकरणात झाला. घानाहून परतलेला एक मुलगा त्याच आईचा आहे हे त्यातून सिद्ध झाले. पुढे आधी नामंजूर केलेली कितीतरी बांगलादेशी मुले खरोखर त्याच बापाची निघाली. रक्ताचे नाते रक्तात सापडते. नवरा-बायकोचे नाते मात्र कोणत्याही नळीत सापडत नाही. त्यामुळे मुलांचा प्रश्न जसजसा सुटत गेला तसतसा सगळा संशय लग्नावर येऊन बसला.

त्याचे हत्यार तयारच होते. १९८० च्या नियमांत घातलेला आणि १९८३ मध्ये अधिक कडक केलेला 'प्रायमरी पर्पज' नियम. विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हा नव्हता, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. लग्न खरे आहे, निकाहनामा खरा आहे, मूलही झाले आहे, हे सारे मान्य करूनही अधिकारी म्हणू शकत होता की तुझा हेतू आम्हाला पटला नाही. याचा मारा मुख्यतः उपखंडातून येणाऱ्या नवऱ्यांवर झाला. १९८५ मध्ये स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात तीन स्त्रियांनी ब्रिटनला हरवले. त्यांपैकी नर्गिस अब्दुलअजीज आणि सोहेर बल्कंदली या दोघींची नावे आपल्याला ओळखीची वाटतील. पुरुष बायको आणू शकतो तितक्या सहजपणे स्त्री नवरा आणू शकत नाही, हा भेदभाव आहे, असे न्यायालयाने सांगितले. ब्रिटिश सरकारने भेदभाव दूर केला, पण नवऱ्यांना सवलत देऊन नव्हे. तोच नियम बायकांनाही लावला!

या अंधारातून वकिलांनी एक फट शोधली. विवाहाच्या वेळचा हेतू सिद्ध करता येत नसेल तर विवाहानंतरचे प्रेम दाखवता येईल, आणि त्यावरून मूळ हेतूविषयी अनुमान काढता येईल. त्या काळच्या न्यायनिर्णयांत याला 'इंटरव्हीनिंग डिव्होशन' असे नाव पडले. मधल्या काळातली निष्ठा, असे म्हणू या. निष्ठा मोजायची कशी? पत्रे, टेलिफोनची बिले, विमानाची तिकिटे, भेटींचे फोटो. विवाहाचा पुरावा म्हणून प्रेमाचे कागद सादर करण्याची रीत इथे पक्की झाली. बायका नवऱ्याची पत्रे जपून ठेवू लागल्या त्या वकिलाने सांगितले म्हणून. ज्याला इंग्लंडहून दर आठवड्याला फोन परवडत होता, वर्षातून एकदा विमानाने येता येत होते, त्याचे प्रेम जाड फायलीचे. गिरणीत रात्रपाळी करणाऱ्या मजुराचे प्रेम दोन पानांचे. ५ जून १९९७ रोजी नव्या मजूर सरकारने हा नियम रद्द केला. फाइल मात्र राहिली. 'संबंध खरा व चालू आहे' हे दाखवण्याची अट २०१२ च्या नियमांतही आहे, दोघे प्रत्यक्ष भेटलेले असण्याची आहे, आणि जोडीला उत्पन्नाची आहे. ती आधी वर्षाला १८,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ पासून २९,००० झाली.

अमेरिकेने १९८६ मध्ये खोट्या विवाहांविरुद्ध कायदा करून नव्या जोडप्याला दोन वर्षांचा सशर्त परवाना देण्यास सुरुवात केली. दोन वर्षांनी पुन्हा पुराव्यांची फाइल द्यायची. त्याच कायद्याने वाग्दत्त वधूवर आधीच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटलेले असावेत, अशीही अट घातली. लग्नापूर्वीची भेट वधूवरांपैकी परदेशी व्यक्तीच्या समाजातील कडक व दीर्घकालीन रीतीविरुद्ध असेल तर सूट मिळू शकते, असे त्यात आहे. ही सूट मागण्यासाठी रीत तशी आहे हेही सिद्ध करावे लागते, हा भाग निराळा.

आता फोटोंकडे येऊ. कॅनडाच्या यादीत वीसपर्यंत फोटो द्यावेत असे आहे. वीसच का, हे कोणी सांगत नाही. पण अर्जदाराची खरी अडचण आकड्याची नसते. निकाहाच्या क्षणी आपल्याकडे वधू आणि वर एका खोलीत नसतात. वर मशिदीत किंवा मांडवात पुरुषांमध्ये, वधू आत बायकांमध्ये. शरियतच्या दृष्टीने जो क्षण विवाहाचा, त्या क्षणाचा दोघांचा एकत्र फोटो असूच शकत नाही. मग स्टेजवर दोन खुर्च्या मांडून काढलेले वलीम्याचे फोटो उरतात. त्यांत दोघांची नजर खाली, मध्ये हातभर अंतर, आणि चेहऱ्यावर हसू नाही. वधूने हसू नये हीच आपल्याकडे शालीनता. अधिकाऱ्याला ते नाखुशीचे लग्न दिसते.

ही कल्पनेतली भीती नाही. २०१५ मध्ये कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची एक अंतर्गत प्रशिक्षण-पुस्तिका माहितीच्या अधिकाराखाली बाहेर आली आणि वृत्तपत्रांत गाजली. खोट्या विवाहाच्या खुणा म्हणून तिच्यात जे दिले होते त्यात हे होते : फोटोत जोडपे ओठांवर चुंबन घेताना दिसत नाही, मेजवानी लहानशी आहे, मधुचंद्र झालेला नाही, बोटात हिऱ्याची अंगठी नाही. या कसोटीला लावले तर कोकणातले, मराठवाड्यातले, खरे तर हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांतले बहुतेक संसार बनावट ठरतील. साधेपणाने निकाह करा, खर्च टाळा, असे आपल्या सुधारकांनी वर्षानुवर्षे सांगितले. पंचवीस माणसांत मशिदीत निकाह लावणारा तरुण या पुस्तिकेप्रमाणे संशयित.

परिणाम असा झाला की फोटो आता अधिकाऱ्यासाठी काढले जातात. निकाहानंतर आठ-दहा दिवस नवरा भारतात असतो तेवढ्यात महाबळेश्वर, ताजमहाल, समुद्रकिनारा उरकला जातो. प्रत्येक ठिकाणी कपडे बदलून. खांद्यावर हात ठेवायला सांगणारा फोटोग्राफर सासूच्या देखत सांगतो, आणि सासूही 'ठेव गं, व्हिसाला लागतं' म्हणते. हिजाब काढायचा की ठेवायचा यावर घरात खल होतो. ज्या घरात आजीचा एकही फोटो नाही त्या घरातल्या नातीचे खाजगी क्षण अनोळखी कचेरीत चाळले जातात. मुलींना याची लाज वाटते, आणि ती लाज त्या कोणाला सांगतही नाहीत.

दुसरी बाजूही आहे. व्हिसासाठी पैसे घेऊन केलेले निकाह झाले आहेत. लग्न करून, मेहर न देता, कागद न करता निघून गेलेले परदेशी नवरे आपल्या तालुक्यांना माहीत आहेत. १८८० चा काझी कायदा नोंदीची सक्ती करीत नव्हता. महाराष्ट्रात विवाह-नोंदणीचा कायदा १९९८ मध्ये आला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्व धर्मीयांसाठी नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले, तरी नोंदणीकडे आपण लग्नानंतर व्हिसाच्या वेळी आठवायची गोष्ट म्हणूनच पाहत आलो. निकाहनाम्याची दुय्यम प्रत, तीही फिकट, मामूच्या कपाटातून शोधून काढायची, अशी आपली दशा. नीट नोंद असती तर फोटोंवर एवढा भार पडला नसता, असे मी म्हणणार नाही, कारण नोंद असलेल्यांनाही फोटो मागतात. पण टाकून दिलेल्या बाईच्या हातात फोटोपेक्षा नोंद अधिक उपयोगी पडते.

हे काम करणारे जाणकार वकील अलीकडे एक गोष्ट आवर्जून सांगतात. जोडप्याचेच बिलगलेले वीस फोटो देऊ नका. दोन्ही घरची माणसे असलेले द्या, वेगवेगळ्या दिवसांचे द्या, आणि प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण व कोण कोण आहेत ते लिहा. मग मुलगी वहीतले पान फाडून लिहायला बसते. वलीमा, म्हसळा. मध्ये वधूवर. मागे डावीकडून वराचे अब्बा, चाचा. उजवीकडे पांढऱ्या टोपीत वधूचे मामू, निकाहाचे वकील. त्यांच्या शेजारी दोन शाहिद.